राखलेली मैदाने

सात बेटांमधल्या खाड्या बुजवून, टेकड्या फोडून आणि भरावावर भराव टाकून जी मुंबई उभी राहिली, त्या मुंबईत मोकळी जमीन कोणाच्या पदरात आपोआप पडलेली नाही. जिथे हातभर जागेसाठी भाऊबंद कोर्टाची पायरी चढतात, तिथे एखादे मैदान शंभर-सव्वाशे वर्षे मोकळे राहते, तेव्हा त्यामागे कोणाचा तरी हुकूम, कोणाचा तरी अर्ज, कोणत्या तरी सभेचा ठराव आणि त्या ठरावाची आठवण जागती ठेवणारी माणसे असतात. किल्ले, राजवाडे आणि देवळे यांचा इतिहास आपल्याकडे आस्थेने लिहिला गेला. परंतु गिरगावच्या, दादरच्या, परळ-लालबागच्या माणसाने ज्या मोकळ्या जागांवर आपले बालपण काढले, सभा ऐकल्या, मिरवणुका नेल्या आणि म्हातारपणी संध्याकाळी पाय मोकळे केले, त्या जागा कोणी आणि कशा राखल्या, याची कथा दप्तरांतच पडून राहिली. ती कथा नीट पाहिली असता एक गोष्ट लख्ख दिसते: या शहरात जमीन एकदा राखून भागत नाही, ती प्रत्येक पिढीला नव्याने राखावी लागते.

मोकळ्या जमिनीसंबंधीचा येथील पहिला मोठा निर्णय भीतीपोटी झाला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई सर केली, तेव्हा मुंबईच्या किल्ल्यातील इंग्रज आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे व्यापारी असे दोघेही धास्तावले, आणि तटाभोवती खंदक खणण्याच्या कामी व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपयांची वर्गणी उभी केली. शत्रूने चालून यावे तर त्याला आडोसा मिळू नये, म्हणून तटाबाहेरची घरे आणि माडांची झाडी हटवून तोफेच्या पल्ल्याइतकी जमीन सपाट व उघडी ठेवण्याचे धोरण त्या शतकाच्या उत्तरार्धात अंमलात आले. १८०३ साली किल्ल्यात मोठी आग लागली, त्यानंतर ही उघडी पट्टी आणखी रुंदावली, आणि किल्ल्याबाहेर नवी वस्ती वाढू लागली. हीच पट्टी पुढे एस्प्लनेड म्हणून ओळखली गेली. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत, १८६२ नंतरच्या दोन-तीन वर्षांत, किल्ल्याचे तट पाडण्यात आले; संरक्षणाचे प्रयोजन संपले, जमिनीचा काही भाग रस्त्यांस आणि सरकारी इमारतींस गेला, आणि जो राहिला त्याचेच पुढे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज झाले. लष्करी हुकमाने मोकळी झालेली जमीन नागरिकांच्या वहिवाटीने मोकळी राहिली, हा मुंबईच्या मैदानांच्या इतिहासातील पहिला धडा होय.

ही वहिवाट केवळ हवा खाण्यापुरती नव्हती. किल्ल्याबाहेरच्या रहिवाशांची गुरे या मैदानावर चरत असत. १८३८ च्या सुमारास सरकारने या चराईवर कर बसवला, तो भरण्याची ऐपत नसलेल्यांची गुरे जप्त होऊ लागली, आणि तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी पदरमोड करून ठाकूरद्वाराजवळ, आजच्या चर्नी रोड स्थानकाच्या परिसरात, कुरणाची जमीन घेतली आणि तेथे गुरांस चरण्याची मोकळीक दिली, असे सांगितले जाते. सार्वजनिक जमिनीवर आकार बसला की आधी गरिबाचे पाऊल तिथून निघते, आणि ही गोष्ट त्या काळच्या एका दानशूर व्यापाऱ्यालाही उमगली होती.

याच मैदानावर एका खेळापायी जो झगडा झाला, तो मात्र विस्ताराने सांगण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पारशी तरुण आणि त्यांच्या मागोमाग हिंदू व मुसलमान तरुण एस्प्लनेडवर क्रिकेट खेळू लागले होते. १८७५ साली युरोपियनांची बॉम्बे जिमखाना ही संस्था स्थापन झाली आणि मैदानाचा एक भाग तिच्याकडे गेला. त्या भागात एतद्देशीयांस प्रवेश नव्हता. इतक्यावर भागले असते तर तक्रार कदाचित उठली नसती. परंतु जिमखान्यातील गोरे अंमलदार पोलो खेळण्यासाठी आपल्या राखीव भागाबाहेर, म्हणजे एतद्देशीय तरुण जिथे चेंडूफळी खेळत त्याच जमिनीवर उतरू लागले. पोलोच्या तट्टांच्या टापांनी हिरवळ उखडली जाई, भुईला खळगे पडत, आणि अशा भूमीवर उसळणारा चेंडू फलंदाजाच्या तोंडावर येई. खेळाडूंपैकी कोणी श्रीमंत नव्हते. स्वतःचे वेगळे मैदान घेण्याची त्यांची शक्ती नव्हती. १८८१ साली चारशेंहून अधिक सह्यांचा अर्ज गव्हर्नरांकडे गेला. त्यावर हिंदू, पारशी, मुसलमान अशा सर्वांच्या सह्या होत्या, आणि मागणी साधी होती: पोलो अन्यत्र हलवावा.

सरकारने प्रथम अर्जदारांच्या बाजूने निकाल दिला. पोलो कूपरेजकडे न्यावा असे ठरले. पुढच्याच वर्षी जिमखान्याच्या आग्रहापुढे सरकारने माघार घेतली आणि पोलो पुन्हा जुन्या जागी आला. अर्ज, प्रत्युत्तरे, वृत्तपत्रांतील पत्रे यांचे सत्र त्यानंतरही चालू राहिले. या लढ्यात प्रत्यक्ष भाग घेतलेले शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला, तेव्हा युरोपियन पोलो विरुद्ध एतद्देशीय क्रिकेट या झगड्याला त्यांनी ग्रंथाच्या नावातच स्थान दिले. राष्ट्रीय सभेची पहिली बैठक १८८५ साली गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरली; तिच्याही चार वर्षे आधी या शहरातील पोरसवदा खेळाडूंनी, जातिधर्म बाजूस ठेवून, सार्वजनिक जमिनीवरील आपला हक्क लेखी मागितला होता. मुंबईच्या नागरी जीवनाचा इतिहास लिहिणाऱ्याने या अर्जाला अग्रमान द्यायला हवा.

या झगड्याची परिणती मात्र संमिश्र झाली. गिरगावच्या पश्चिमेला समुद्राच्या कडेने भराव घालून तयार झालेल्या केनेडी सी-फेसवर सरकारने एकेका समाजास एकेक भूखंड देण्यास आरंभ केला. १८८५ साली स्थापन झालेल्या पारशी जिमखान्यास तेथे जागा मिळाली. लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असताना, १८९० नंतरच्या काही वर्षांत, इस्लाम जिमखाना आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना यांनाही मिळाली. खेळायला जागा मिळाली हे खरे. पण जे तरुण एका अर्जावर एकत्र सह्या करत होते, ते आता वेगवेगळ्या कुंपणांत खेळू लागले, आणि पुढे तिरंगी, चौरंगी व पंचरंगी सामन्यांतून ही विभागणी १९४६ पर्यंत टिकली. कुंपणाच्या आतही समता नव्हती. पाळवणकर बाळू हे हिंदू संघाचे सर्वांत समर्थ गोलंदाज. १९०६ साली युरोपियनांचा पराभव करणाऱ्या संघात ते होते. तरीही ते चर्मकार कुटुंबात जन्मले म्हणून कर्णधारपद त्यांना कधी लाभले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे ते १९२३ साली आले. जमिनीवर कोणी पाऊल ठेवावे आणि कोणत्या मानाने ठेवावे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि मैदान देणाऱ्या सत्तेने दुसऱ्या प्रश्नाकडे सहसा पाहिले नाही.

बागांचा इतिहास याहून शांत, पण तितकाच बोधप्रद आहे. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासासाठी कृषी व उद्यान मंडळींनी शिवडीला पूर्वी एक बाग लावली होती. ती जमीन गोऱ्यांच्या दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्यास, १८६२ साली, नवी बाग लोकांसाठी उघडण्यात आली. हीच व्हिक्टोरिया गार्डन, आपली राणीची बाग, आणि आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८७३ साली तिचा कारभार नगरपालिकेकडे आला. लालबाग-परळच्या गिरण्यांतील कामगाराला रविवारी बायकामुलांना घेऊन जाण्याजोगे, खर्चात न टाकणारे स्थळ म्हणजे ही बाग; हत्ती-वाघ पाहून झाले की गोरखचिंचेच्या अवाढव्य खोडाशी फडके अंथरून शिदोरी सोडणे हा कित्येक कुटुंबांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. सुमारे ५० एकरांच्या या भूमीवर ३,००० हून अधिक वृक्ष आहेत. उर्वशीसारखी दुर्मिळ झाडे शहरात अन्यत्र क्वचितच पाहायला मिळतात. २००७ च्या सुमारास या बागेचे रूपांतर एका भव्य, परदेशी धाटणीच्या प्राणिसंग्रहालयात करण्याची योजना पालिकेने आखली, तेव्हा काही स्त्रियांनी पुढाकार घेतला. झाडाझाडाची मोजदाद करून, नावे लिहून, वारसा समितीपुढे त्यांनी आपली बाजू मांडली. मूळ आराखडा टिकला नाही आणि पालिकेला तो आटोपता घ्यावा लागला. बाग वाचली ती भावनेच्या आवाहनापेक्षा त्या यादीने. आपल्याजवळ काय आहे हे ज्याला नेमके सांगता येते, त्याचेच म्हणणे कचेरीत ऐकले जाते.

आता दादरकडे वळू. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रोगी ओळखले, आणि पाहता पाहता ही साथ शहरभर पसरली. कोंदट चाळी, अरुंद गल्ल्या, हवा-उजेडाचा अभाव यांच्याकडे सरकारचे लक्ष वेधले जाण्यास एवढे मरण व्हावे लागले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढणे, अस्वच्छ मोहल्ले पाडणे आणि बेटाच्या उत्तरेस नव्या वसाहती आखणे ही ट्रस्टची कामे. समुद्रावरचा वारा आत खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढला गेला, सँडहर्स्ट रोड काढला गेला. आणि भाताची शेते व दलदल असलेल्या दादर-माटुंग्यात आखीव रस्ते, मर्यादित उंचीची घरे आणि घरांच्या मधोमध राखलेल्या बागा असे नवेच नगर वसले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याची फळे. ट्रस्टमधील अभियंते मंचेरजी जोशी यांनी पारशी कॉलनीची उभारणी मनावर घेतली, आणि तेथील पाच उद्याने आजही त्या आखणीची साक्ष देतात.

ट्रस्टच्या कारभाराला दुसरी बाजूही होती, आणि ती झाकून ठेवणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. नागपाड्यात ज्यांची घरे पाडली गेली, त्यांपैकी फारच थोड्यांना दादरच्या बागांशेजारी घर मिळाले. गरिबांच्या वाट्याला ट्रस्टच्या चाळी आल्या. परळच्या पोयबावाडीतील अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले. मोकळ्या जागेचा लाभ आधी मध्यमवर्गाला झाला. परंतु ती मोकळी जागा आखली गेली, नकाशावर हिरव्या रंगाने दाखवली गेली आणि बांधकामापासून वाचली, याचे श्रेय त्या आखणीलाच द्यावे लागते.

माहीम-दादरच्या किनाऱ्यालगत १९२५ साली तयार झालेले विस्तीर्ण मैदान हे तर या परंपरेचे शिरोभूषण. प्रारंभी त्याला माहीम पार्क म्हणत. त्या काळी प्रचलित असलेल्या गणनेप्रमाणे शिवछत्रपतींच्या जन्माला १९२७ साली ३०० वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने मैदानास महाराजांचे नाव द्यावे, असा आग्रह नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी धरला आणि तो पालिकेने मान्य केला. गिरगावात हिंद महिला समाज स्थापन करणाऱ्या, महात्मा गांधींचे मराठीतील पहिले चरित्र लिहिणाऱ्या अवंतिकाबाई या पालिकेत बसलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक होत्या. परकी अंमल चालू असताना, गोऱ्या अधिकाऱ्यांचा वरचष्मा असताना, एका स्त्री-सभासदाने सुचवलेले हे नामकरण म्हणजे पालिकेच्या दप्तरातील एक साधी नोंद असेल. पण या शहराच्या मराठी जीवनात तिचे मोल फार मोठे ठरले.

सुमारे २८ एकरांच्या या मैदानाची रचना बारकाईने पाहावी. मध्ये लाल मातीची भूमी, तिच्यावर एकमेकींस खेटून आखलेल्या क्रिकेटच्या खेळपट्ट्या. एका बाजूस मल्लखांब आणि व्यायामाची उपासना करणारे समर्थ व्यायाम मंदिर, ज्याच्या उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. उद्यान गणेशाचे मंदिर, जिमखाना, ग्रंथालय, बालगोपाळांची आणि आजी-आजोबांची बाग. आणि या सर्वांना कवेत घेणारा, सव्वा किलोमीटरच्या आसपास फिरणारा तो बुटका दगडी कट्टा. या कट्ट्याला फाटक नाही, तिकीट नाही, बसण्याची मुदत नाही. पहाटे चालायला येणारे पेन्शनर, दुपारी सावली शोधणारे फिरते विक्रेते, सायंकाळी घोळक्याने जमणारी महाविद्यालयीन मुले, रात्री उशिरापर्यंत राजकारणाचा कीस पाडणारी मंडळी, सर्वांना तो सारखाच पुरतो. रमाकांत आचरेकरांनी येथेच पोरांना उन्हातान्हात खेळवून कसोटीवीर घडवले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या सभा येथेच गाजल्या. १९६६ च्या ऑक्टोबरात शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा येथेच भरला. आणि प्रतिवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या दर्शनास येणारे डॉ. आंबेडकरांचे लक्षावधी अनुयायी याच मैदानावर मुक्काम करतात, पथारी टाकतात, पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लावतात आणि खेड्यातल्या घरी नेण्यासाठी घामाच्या पैशाने ग्रंथ विकत घेतात. इतक्या भिन्न प्रयोजनांना एकाच भूमीने आश्रय द्यावा, हे शिवाजी पार्कचे खरे वैभव आहे.

परंतु इतकी प्रयोजने एकत्र नांदायची तर त्यांच्यात तंटा होणारच. सभांच्या ध्वनिवर्धकांनी त्रासलेल्या रहिवाशांनी उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २०१० साली न्यायालयाने परिसर शांतता क्षेत्र ठरवून १ मे, ६ डिसेंबर आणि २६ जानेवारी अशा मोजक्या दिवसांपुरती सवलत ठेवली. त्यानंतर तक्रार उठली ती धुळीची: सततच्या वापराने हिरवळ गेली, लाल माती सुटली आणि हिवाळ्याच्या वाऱ्याबरोबर ती सभोवतालच्या घरांत शिरू लागली. पालिकेने पावसाचे पाणी साठवण्याची, माती भिजवण्याची आणि गवत लावण्याची योजना हाती घेतली. तरी मातीचा वरचा थर काढावा की ठेवावा, यावर वाद चालूच आहे. एखाद्याला हा मातीचा वाद क्षुल्लक वाटेल. मला तो या मैदानाच्या जिवंतपणाचे लक्षण वाटतो. ज्या जमिनीबद्दल शेजारी भांडत राहतात, ती जमीन कोणी निमूटपणे उचलून नेऊ शकत नाही.

परळ-लालबागच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांच्या कारकीर्दीत विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे २०७ चाळी बांधल्या. त्यांतील एकेक खोली १६० चौरस फुटांची. अशा खोलीत एक कुटुंब, त्यावर गावाहून आलेले दोन-चार पाहुणे, आणि पाळीप्रमाणे झोपणारी माणसे. गिरणीचा भोंगा झाला की एक पाळी उठे आणि दुसरी अंथरुणावर पडे. मैदान ही त्या खोलीची ओसरी होती. वरळीचे जांबोरी मैदान, परळचे कामगार मैदान आणि नरे पार्क यांवर कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसाने हुतूतू खेळला, लेझीम घेतले, भजने केली, गणपती बसवला आणि संपाच्या सभांना हात वर केले. गिरणगावची कबड्डी, गिरणगावचे कलापथक आणि गिरणगावची चळवळ या तिन्ही गोष्टी याच मोकळ्या जागांवर वाढल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तो फसला आणि गिरण्या एकामागून एक थंडावल्या. उरली ती सुमारे ६०० एकर जमीन, शहराच्या ऐन मध्यभागी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीची तीन भागांत वाटणी ठरवली: एक भाग मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक भाग सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला, आणि एक भाग मालकाला. हा नियम सचोटीने अंमलात आला असता, तर लालबाग-परळला शिवाजी पार्कसारखी अनेक मैदाने लाभली असती. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने तर तुकड्यातुकड्यांनी विचार न करता सारा परिसर एकत्र आखावा आणि मोकळ्या जागा सलग ठेवाव्यात, अशी सूचना केली. २००१ साली सरकारने नियमाचा अर्थच पालटला: ज्या जमिनीवर बांधकाम नाही, तेवढ्याच रिकाम्या भागाची वाटणी करावी. गिरणीच्या आवारात शेड, गोदामे आणि खाती दाटीवाटीने उभी असत. रिकामी जागा अशी ती किती असणार? लोकांचा तिसरा हिस्सा त्या एका दुरुस्तीने आक्रसून गेला. एका पर्यावरणवादी संस्थेने दाद मागितली. २००५ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

त्यानंतर लोअर परळात काचेच्या कचेऱ्या आणि गगनचुंबी घरे आली, लक्षावधी नोकरदार रोज उतरू लागले, पण रस्ते, पूल आणि मोकळ्या जागा गिरण्यांच्या काळच्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड व परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेची कारणे अनेक असतील; परंतु एवढी जमीन हाताशी असताना तिथे माणसाला नुसते उभे राहायलाही जागा राखली गेली नाही, ही गोष्ट त्या कारणांच्या मुळाशी आहे, असे माझे ठाम मत आहे.

मोकळी जमीन हातून कशी जाते, याची रीत समजून घेण्याजोगी आहे, कारण ती क्वचितच बळजबरीने जाते. बहुधा ती कायद्यातील मुदतींमधून निसटते. विकास आराखड्यात एखादा भूखंड मैदान किंवा उद्यान म्हणून आरक्षित होतो, पण १९६६ च्या नगररचना कायद्यातील १२७ व्या कलमानुसार १० वर्षांत तो संपादित झाला नाही, तर मालक नोटीस देतो आणि ठरलेल्या अवधीत पालिकेने हालचाल न केल्यास आरक्षण रद्द होते. दुसरी वाट दत्तक योजनेची. देखभाल करावी या अटीवर पालिकेने आपली मैदाने खाजगी संस्थांच्या हवाली केली. त्यांतील काहींवर क्लब उभे राहिले आणि शेजारच्या चाळीतील मुलास आत जाण्याची सोय उरली नाही. २०१६ च्या जानेवारीत पालिकेच्या सभेने नवे दत्तक धोरण मंजूर केले, तेव्हा नागरिकांचा रोष इतका उसळला की मुख्यमंत्र्यांना ते स्थगित करावे लागले आणि दिलेले दोनशेंहून अधिक भूखंड परत घेण्याची प्रक्रिया सुरू झाली.

त्याचबरोबर उलट उदाहरणही नोंदवायला हवे. दुरवस्थेला गेलेले ओव्हल मैदान परिसरातील रहिवाशांनी न्यायालयात भांडून, कुंपण घालून, हिरवळ लावून पुन्हा उभे केले. ते खेळणाऱ्यांना खुले राहिले, आणि २०१८ साली त्याच्या दोन्ही अंगांच्या इमारतींसह जागतिक वारशात त्याची गणना झाली. म्हणजे नागरिकांनी मैदान हाती घेणे वाईट नाही. ते हाती घेतल्यावर फाटक कोणासाठी उघडे राहते, यावरच सारे अवलंबून आहे.

पालिकेत बाजार व उद्यान समिती नावाची एक समिती असते. बागा, मैदाने, त्यांच्या वेळा, त्यांतील बांधकामे असे विषय तिच्यापुढे येतात. वर्तमानपत्रांत तिच्या कामकाजाला फारशी जागा मिळत नाही, नगरसेवकही स्थायी समितीसाठी धडपडतात तसे हिच्यासाठी धडपडत नाहीत. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात ही समितीही बसली नाही. महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानाचा मक्ता २०१३ सालीच संपला होता. त्यातील १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचा निर्णय २०२४ साली याच काळात झाला. उद्यान होणे ही आनंदाची गोष्ट आहे. पण मुंबईच्या पदरात पडणाऱ्या एवढ्या मोठ्या जमिनीवर काय असावे, जमिनीखाली काय खणले जावे, प्रवेश कोणाला असावा, याची चर्चा करायला लोकांनी निवडून दिलेले सभागृहच नव्हते. १८८१ साली परक्या गव्हर्नरापुढेही अर्ज ठेवता आला होता. स्वराज्यात तो ठेवायला सभागृह नसावे, ही स्थिती पुन्हा येऊ देता कामा नये.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपल्या विभागाचा विकास आराखडा पालिकेच्या कचेरीत आणि संकेतस्थळावर उपलब्ध आहे. आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरात कोणकोणते भूखंड मैदान, बाग किंवा क्रीडांगण म्हणून राखलेले आहेत, त्यांतील किती प्रत्यक्षात खुले आहेत, हे एकदा स्वतः जाऊन पाहावे आणि लिहून ठेवावे. आराखड्यातील आरक्षण बदलायचे झाले, तर कायद्याच्या ३७ व्या कलमान्वये सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. त्या महिन्यात एका साध्या कागदावर आपले नाव, पत्ता आणि कारण लिहून दिलेली हरकत दप्तरात नोंदवली जाते आणि तिची दखल घ्यावी लागते. एस्प्लनेडवरच्या पोरांनी एवढेच केले होते, राणीच्या बागेसाठी झटलेल्या स्त्रियांनीही एवढेच केले. तो महिना हातचा जाऊ देऊ नका.